सायकलचें हँडल अडतें तेव्हां

एका गृहस्थांच्या घरीं जुनी सायकल होती. थोरली मुलगी शाळेंत पायीं जाई. तिनें यापुढें सायकलनें जावें म्हणून वडिलांनीं तिला रोज सायंकाळीं शिकविण्यास आरंभ केला. पंधरा दिवस झाले तरी गाडी सरळ चालेना. ती झोकांड्या खात भिंतीपाशीं जाऊन थांबे. "नजर समोर ठेव, हात सैल सोड," असें वडील सांगत. पुढें पुढें ते रागावूंही लागले. अखेर मुलीनें सायकलचें नांव टाकलें. "मला नाहीं जमायचें, बाबा, मी आपली चालतच जाईन," असें ती म्हणाली.

त्याच सुमारास तिचे मामा सुटीस आले. त्यांनीं गाडीचें पुढलें चाक उचललें आणि गाडी एका बाजूस कलती केली. चाकानें आपल्या भारानें त्या बाजूस वळावयास हवें होतें; तें मध्यावरच खिळल्यासारखें राहिलें. "भावोजी," मामा म्हणाले, "पोरीची कांहीं चूक नाहीं. ह्या गाडीवर तुमचाही तोल राहणार नाहीं."

त्यांचें म्हणणें यथार्थ होतें. सायकलचा तोल हँडलाच्या मोकळेपणावर अवलंबून असतो. स्वार डावीकडे कलला कीं हँडल किंचित् डावीकडे वळतें, चाकें त्याच्या खालीं येतात आणि तोल सांवरतो. ही क्रिया क्षणोक्षणीं व नकळत चालते. २०११ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें असें दाखविलें कीं, फिरत्या चाकाचा भोंवऱ्यासारखा गुण काढून टाकला तरी सायकल आपला तोल आपण सांभाळूं शकते. मात्र गाडी कलतांच हँडल वळलें पाहिजे. तें वळणेंच अडलें, तर कसलेला स्वारही डळमळतो. मग नवशिक्याची काय कथा?

हँडलाखालच्या आंखूड नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशीं पोलादी वाट्या बसविलेल्या असतात. त्यांत छर्रे असून त्यांवर पुढल्या चाकाचा फोर्क फिरतो. वरची आटेदार वाटी कमीअधिक आवळून फिरणें सैल वा घट्ट करतां येतें आणि तिच्यावरचा नट तिला जागीं जखडतो. खालच्या वाटीवर भार अधिक. रस्त्याचे धक्के, चिखल व पाणी हेंही तिच्याच वांट्यास येतें.

दोष शोधतांना प्रथम पुढल्या चाकांत हवा पुरेशी भरावी, कारण हवा कमी असली तरी हँडल जड वाटतें. ब्रेकची तार, टोपली वा दिवा कोठें अडत नाहीं हेंही पाहावें. मग चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावें. सर्वत्र सारखेंच जड लागलें, तर वाटी फार आवळली आहे किंवा वंगण वाळलें आहे. करकर लागली, तर आंत माती, गंज किंवा फुटका छर्रा आहे. एका भागांत मोकळें व दुसऱ्यांत जड लागलें, तर फोर्कची नळी वांकली असण्याचा संभव आहे. नेमकें मध्यावर अडलें, तर छर्ऱ्यांनीं वाटींत खळगे पाडले आहेत. सरळ जातांना ते एकाच जागीं राहतात आणि तेथेंच धक्के खातात.

उपायही क्रमानेंच करावा. दोन पाने घेऊन वरचा नट सैल करावा, वाटी किंचित् उलट फिरवावी आणि ती धरून ठेवून नट पुन्हा आवळावा. नट आवळतांना वाटी थोडी अधिक दाबली जाते, हें ध्यानांत ठेवावें. नंतर पुढला ब्रेक दाबून गाडी मागेंपुढें हालवावी; खटखट जाणवली तर सैलपणा जास्त झाला. बिनआट्यांच्या नव्या पद्धतीच्या गाडींत हँडलाच्या दांड्याचे बाजूचे स्क्रू आधीं सैल करून मगच वरचा स्क्रू फिरवावा. नंतर बाजूचे पक्के आवळावे.

एवढ्यानें न भागल्यास वाट्या उघडाव्या. खालीं फडकें पसरावें आणि वरचे व खालचे छर्रे वेगवेगळे मोजून ठेवावे. सर्व भाग रॉकेलनें धुऊन पुसावे. वाटीवरून नख फिरवितांना तें खळग्यांत अडकलें, तर वाटी व छर्रे दोन्ही बदलावे. नुसतें वंगण घालून हा दोष जात नाहीं. नवे छर्रे एकाच मापाचे असावे, जुन्यांत मिसळूं नयेत. आणि ते खच्चून न भरतां सुमारें एका छर्ऱ्याची जागा मोकळी सोडावी. वांकलेली नळी घरीं ठोकून सरळ करण्याच्या भरीस मात्र कोणीं पडूं नये. ती चालतां चालतां मोडली तर स्वार तोंडावर आपटतो. तो फोर्क बदलणेंच इष्ट.

त्या घरच्या सायकलची खालची वाटी मध्यावर खळग्यांनीं भरली होती. कारागिराकडून वाट्या व छर्रे बदलून आणले. त्या सायंकाळीं मुलीला पुन्हा बसावयास लावण्यापूर्वीं वडिलांनीं स्वतः एक फेरी मारली आणि परत येऊन ते एवढेंच म्हणाले, "बाळ, मी तुला उगाच बोललों." तिसऱ्या दिवशीं ती कोपऱ्यापर्यंत जाऊन आली, पाय न टेकतां.

घरांत शिकणाऱ्याच्या हातीं बहुधा जुनेंच सामान येतें, आणि त्याला न साधलें कीं दोष त्याच्या माथीं बसतो. तो तसा बसविण्यापूर्वीं एकवार चाक उचलून पाहावें.