पाच मेंढ्या घरच्या, मेंढा गावचा

(सापगाव येथील भाषण)



भातकापणी झाली की घाटावरचे मेंढपाळ माळशेज उतरून मुरबाड-शहापुरात येतात. आपण त्यांची मेंढरं खाचरात बसवतो, लेंडीखतापोटी धान्य देतो. पण पावसाच्या आधी ते मुक्काम हलवतात. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांत वाढलेला माणूस आपल्याकडे पावसाळा काढत नाही, यातच काय ते ओळखा. मेंढी थंडीला भीत नाही, ओलीला भिते. चिखलात उभी राहिली की खूर कुजतात. खाचरातल्या गोगलगाईंपासून पाण्याकाठच्या गवतावर येणारे चपटे कृमी तिच्या काळजात शिरतात.

म्हणून मेंढीच्या आधी माळा बांधा. जमिनीपासून दोन हात उंच, बांबूच्या पट्ट्यांचा, लेंडी खाली पडेल असा. झडीच्या बाजूला कूड घाला. वालाचा पाला, पेंढा वाळवून साठवा. पाऊस लागण्यापूर्वी लोकर कातरा, आंत्रविषाराची लस टोचून घ्या. चपट्या कृमींचं औषध वेगळं असतं, डॉक्टरकडून तसं सांगून मागा.

आता कळपाचं. सरकारनं २०१७ साली महामेष योजना आणली, ती २० मेंढ्या आणि १ मेंढ्याची, भटक्या जमाती क प्रवर्गासाठी. आपला दोन एकरांचा खातेदार वीस मेंढ्या बांधणार कुठे? पाचच घ्या. दिवाळीनंतर घ्या, दोन दात झालेल्या. खालची पापणी उलटून बघा. पांढरीफटक असेल तर स्वस्तात मिळाली तरी नको.

पण पाच मेंढ्यांसाठी मेंढा पोसणं परवडत नाही. एक मेंढा पंचवीस मेंढ्यांना पुरतो. तेव्हा पाच घरांनी मिळून एक चांगला मेंढा घ्यावा. ज्याच्या गोठ्यात तो राहील त्याला बाकीच्यांनी दाणा पुरवावा. मेंढा एरवी वेगळा बांधा, जूनअखेरीस मेंढ्यांत सोडा. गाभणकाळ पाच महिन्यांचा. म्हणजे कोकरं नोव्हेंबरअखेरपासून, कोरड्या जमिनीवर पडतील. आषाढात पडलेलं कोकरू वाचवणं फार कठीण. दर दोन वर्षांनी मेंढा शेजारगावाशी बदला, नाहीतर बापलेकीचीच जोडी लागते आणि कळप खुरटतो.

जुळ्यांचं विचारतात. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवला. मोठं काम आहे. पण जुळ्यांना दूध लागतं, दुधाला खुराक लागतो. पहिल्या वर्षी एकेक कोकरू जगवून दाखवा, मग जुळ्यांचं बोलू.

आणि विकताना पाचही घरांनी एकाच दिवशी विका. दलाल मेंढराच्या कमरेवर हात फिरवून किंमत सांगतो आणि आपण मान डोलावतो. भात आपण कधी नजरेनं मोजून दिलं का? काटा टांगा, किलोचा भाव विचारा. एकट्या माणसाला तो काटा लावू देत नाही. पाच घरांची मेंढरं एकत्र उभी असली तर त्याला थांबावं लागतं.

मेंढा कोणाच्या गोठ्यात आणि काटा कोणाच्या ओटीवर, एवढं आज उठण्याआधी ठरवून घ्या.