एक आकडा आणि बाळाची बाटली

२३ मार्च २०११ रोजी टोकियोतल्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राचा एक आकडा जाहीर झाला : किलोमागे २१० बेकरेल. आदल्या दिवशीच्या नमुन्यात किरणोत्सारी आयोडिन-१३१ सापडलं होतं. अपघात झालेलं फुकुशिमाचं अणुवीज केंद्र तिथून सुमारे २०० किलोमीटर दूर. पण वाऱ्यावर आलेलं आयोडिन पावसाबरोबर खाली उतरलं आणि एदो नदीतून थेट केंद्रापर्यंत पोचलं.

सेकंदाला एका अणुकेंद्रकाचं विघटन म्हणजे एक बेकरेल. तेव्हा जपानमध्ये पिण्याच्या पाण्यातल्या या आयोडिनची मर्यादा मोठ्यांसाठी ३००, तर तान्ह्यांसाठी १०० होती. म्हणजे त्या नळाचं पाणी आईनं प्यायलं तर चालत होतं, पण त्याच पाण्यात बाळाचं पावडरचं दूध कालवायचं नव्हतं. आयोडिन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. बाळाची ग्रंथी इवलीशी, त्यामुळे तेवढ्याच आयोडिनचा मारा तिला कितीतरी जास्त बसतो.

पाण्याबद्दल शंका आली की आपण ते उकळतो, नाहीतर तुरटी फिरवतो. उकळल्यानं जंतू मरतात, किरणोत्सार जात नाही. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट थोडं वाढतं. तुरटीची गोष्ट वेगळी. दुसरं एक किरणोत्सारी मूलद्रव्य, सीझियम, मातीच्या कणांना धरून असतं. गढूळपणा तळाशी बसला की त्याच्याबरोबर तेही बसतं. म्हणून केंद्रातला गाळही तपासावा लागतो. विरघळलेलं आयोडिन मात्र असं बसत नाही. त्याला सक्रिय कोळशाची भुकटी लागते, आणि तीही सगळं पकडत नाही.

हे पाणी मोजतात कसं? नमुन्याचं भांडं बुडाशी खोलगट असतं, मोजणाऱ्या उपकरणावर ते टोपीसारखं बसतं. भोवती जाड शिशाची भिंत. कारण खोलीच्या विटांतून आणि शेजारी उभ्या माणसाच्या अंगातल्या पोटॅशियममधूनही किरण येतच असतात. ते अडवल्याशिवाय पाण्याचा खरा हिशेब लागत नाही.

एका मोजणीवर निकाल देऊन भागत नाही. २४ मार्चला कानामाचीचा आकडा ७९ वर आला आणि बाळांना हे पाणी न देण्याची सूचना मागे घेतली गेली. दरम्यान शहरानं सुमारे ८० हजार बाळांसाठी प्रत्येकी ५५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या देण्याची व्यवस्था केली. हेही सांगितलं, की दुसरं पाणी मिळालंच नाही तर नळाचं द्यायला हरकत नाही. मर्यादा दीर्घकाळ पिण्याचा विचार करून ठरवलेली आहे. आकडा, तो कुणासाठी, किती काळासाठी आणि आज काय करायचं, हे सगळं एकत्र सांगितलं गेलं. सुरक्षिततेचं मूल्यमापन मी याला म्हणतो. नुसतं ‘घाबरू नका’ म्हटल्यानं आईची काळजी मिटत नाही.

आपल्या भारतीय मानक १०५०० मध्येही पिण्याच्या पाण्यासाठी किरणोत्साराची मर्यादा दिलेली आहे : लिटरमागे अल्फा किरणांसाठी ०.१ आणि बीटा किरणांसाठी १ बेकरेल. तेव्हा आपल्या नगरपालिकेला जरूर विचारा, पाण्याची ही तपासणी शेवटची कधी झाली आणि आकडा किती आला. ज्या पाण्यात आपल्या घरातल्या बाळाचं दूध कालवलं जातं, त्या पाण्याचा आकडा आपल्याला ठाऊक असायलाच हवा.