प्रकाशाने लिहिलेली पोथी
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका माजी विद्यार्थ्याचे भाषण)



आपल्या शाळेच्या या साठाव्या वर्षाचे चित्रण होत आहे. शाळेच्या शताब्दीला ते कोणाला पाहता येईल काय, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. त्याच्या उत्तरासाठी तबकडीचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

१९८२ साली आलेली सीडी, १९९६ ची डीव्हीडी आणि २००६ मध्ये जगभर पोहोचू लागलेली ब्लू-रे या तिघींचा व्यास एकच, १२ सेंटिमीटर. तरीही सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट, तर ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट माहिती मावते. ही किमया लेखणीच्या टोकाची आहे. जाड बोरूने पानावर थोड्या ओळी बसतात, बारीक टाकाने अधिक. येथे टाक म्हणजे लेसरचा किरण. डीव्हीडीचा तांबडा किरण ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, ब्लू-रेचा निळसर जांभळा किरण ४०५ नॅनोमीटरचा. किरण बदलला, भिंग अधिक प्रभावी झाले, प्रकाशाचा ठिपका सूक्ष्म झाला आणि दोन रेषांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटरवरून ०.३२ वर आले. म्हणूनच अतिसुस्पष्ट चित्रपट एका तबकडीत सामावू लागला.

परंतु त्याच निळ्या किरणावर दोन पंथ निघाले. सोनी आदी कंपन्यांनी ब्लू-रे पुढे आणली. तोशिबाने एचडी डीव्हीडीचा पुरस्कार केला. तिच्या एका थरात १५ गिगाबाइट मावत. मात्र डीव्हीडीच्या कारखान्यात थोड्या फेरफाराने ती तयार होऊ शके. एकीचे यंत्र दुसरीला वाचू शकत नसे. अखेर १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली. लोकांच्या घरांतील एचडी डीव्हीडी तशाच चकाकत राहिल्या. त्या वाचणाऱ्या यंत्रांची निर्मिती मात्र थांबली. विजयी पक्षही काळापुढे अजिंक्य ठरला नाही. घरी मुद्रण करण्याच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले.

तात्पर्य हे, की तबकडी टिकणे आणि तिच्यातील आशय टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाचक यंत्र नाहीसे झाले, की अक्षत तबकडीही मुकी होते.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली ती नकलाकारांच्या हातांनी. नकलांत पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली. नक्कल आणि पडताळणी, या दोहोंनी ग्रंथ जगला.

आपल्या कपाटांतील स्नेहसंमेलनांच्या तबकड्यांत केवळ नाटके नाहीत. महाराष्ट्रापासून दूर, परप्रांतीच्या भाषेची छटा ल्यालेली आपली मराठी तेथे बोलते आहे. ती या शाळेबाहेर अन्यत्र क्वचितच नोंदलेली असेल. म्हणून माझी विनंती अशी : प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात, एक प्रत शाळेच्या वास्तूबाहेर असावी, सोबत दिनांक व नावे कागदावर लिहावीत, आणि दर पाच वर्षांनी नववीच्या विद्यार्थ्यांनी त्या लावून, पडताळून, नव्या साधनावर उतरवाव्यात.

कोणतीही तबकडी चिरंजीव नाही. चिरंजीव असू शकते ती उतरवून घेण्याची परंपरा. तिचा आरंभ याच वर्षी व्हावा, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.