आधी एमआरआय, मग उपचार



मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि आज एकाच आजाराविषयी बोलणार आहे : गुदाशयाचा कर्करोग. तो बरा होतो की वर्ष-दोन वर्षांत ओटीपोटात पुन्हा उगवतो, हे बरेचसे शस्त्रक्रियेच्या आधी काढलेल्या चित्रांवर ठरते. म्हणून ही जबाबदारी माझ्या व्यवसायाची आहे, आणि ती इथे आदिलाबादच्या डॉक्टरांसमोरच बोलून दाखवायला हवी. आपल्या जिल्ह्यातल्या बेला, जैनथकडचा रुग्ण मोठ्या उपचारासाठी एक तर सुमारे २०० किलोमीटरवर नागपूरला जातो, नाही तर सुमारे ३०० किलोमीटरवर हैदराबादला. त्याच्या पिशवीत आपण दिलेले कागद असतात. ते अपुरे असले तर त्याची पहिली खेप वाया जाते.

पण चित्रांच्या आधी बोट. शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे मूळव्याध म्हणून मलम दिले जाते. आव पडते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, शौचाला पुन्हा पुन्हा जावे लागते, तरी मलमच चालू राहते. बाया तर घरातही सांगत नाहीत. गुदद्वारापासून सात-आठ सेंटीमीटरपर्यंतची गाठ बोटाला लागते. हातमोजा आणि दोन मिनिटे एवढाच त्याचा खर्च. वय कमी आहे म्हणून ही तपासणी टाळू नका. मुंबईच्या टाटा मेमोरिअलने प्रसिद्ध केलेल्या नोंदींत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे. तिशीतल्या शेतकऱ्याचे रक्त मूळव्याधीचेच असेल, असे आपल्या देशात गृहीत धरता येत नाही.

गाठ लागली, दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला, कर्करोग ठरला. आता तो किती पसरला आहे? इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली दाखवून दिले की गुदाशयाभोवतीची चरबी तिच्या पातळ आवरणासकट अखंड काढली, तर आजार त्याच जागी परत येण्याचे प्रमाण खूप घटते. १९८६ मध्ये लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क यांनी काढलेल्या भागाचे आडवे काप तपासले. आजार परत येण्याचे कारण बहुतेक वेळा त्या भागाच्या बाहेरच्या कडेला उरलेल्या कर्करोगाच्या पेशी असतात, हे त्यातून दिसले. प्रश्न उरला तो एवढाच, की ही कड मोकळी राहील का, हे सुरी लावण्याआधी कळेल का? मर्क्युरी या अभ्यासाने २००६ मध्ये उत्तर दिले : एमआरआयवर कळते. त्या चित्रांत गाठ आवरणापासून १ मिलिमीटरच्या आत आली असेल, तर कडेला धोका आहे असे आपण आज मानतो.

एक मिलिमीटर! म्हणूनच कसाही काढलेला एमआरआय इथे चालत नाही. त्यासाठी फार महागडे यंत्र लागते असे नाही. दीड टेस्लाचे पुरते, आणि मुख्य चित्रांसाठी शिरेतून औषधही द्यावे लागत नाही. लागते ती टी-टू चित्रांची ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांची मालिका, आणि ती गाठ जिथे आहे तिथल्या गुदाशयाला बरोबर काटकोनात. मुळा तिरपा कापला की चकती लांबट पडते, तसेच इथे होते : कोन चुकला की स्नायूचा थर पसरट, धूसर दिसतो आणि आतच असलेली गाठ बाहेर आल्याचा भास होतो. मग गरज नसलेल्या माणसाला शस्त्रक्रियेआधी रेडिएशन मिळते. पोटाचा नेहमीचा एमआरआय काढून त्यावर गुदाशयाची स्टेज लिहिणे थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तंत्रज्ञाच्या शेजारी बसून कोन ठरवायला रेडिओलॉजिस्टला पाच मिनिटे लागतात. ती त्याने दिलीच पाहिजेत.

रिपोर्टात ‘गुदाशयात गाठ, टी-थ्री’ एवढे लिहिल्याने सर्जनच्या हाती काही लागत नाही. टी-थ्रीमध्येही, म्हणजे स्नायूचा थर ओलांडलेल्या गाठींतही, स्नायूच्या बाहेर १ मिलिमीटर गेलेली गाठ आणि १५ मिलिमीटर गेलेली गाठ यांची वाट वेगळी असते. गाठ गुदद्वारापासून किती उंचीवर, आवरणापासून किती मिलिमीटरवर, भिंतीबाहेरच्या शिरांत शिरली आहे का, ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीवरच्या लसीकाग्रंथी सुजल्या आहेत का, खालच्या गाठीने आवळस्नायू धरला आहे का, हे सगळे लिहावे लागते. शौचाची वाट कायमची पोटावर काढावी लागेल का, हे या शेवटच्या ओळीवर ठरते. रुग्णाच्या आयुष्यात याहून मोठा प्रश्न क्वचितच असतो. यकृत आणि फुफ्फुसे सीटीवर पाहावीत. अगदी सुरुवातीच्या गाठीसाठी आतून केलेली सोनोग्राफी जास्त उपयोगी. पेट-स्कॅन प्रत्येकाला लागत नाही, आणि गरिबाला तो उगाच सांगू नये.

हे सगळे उपचारापूर्वी. रेडिएशननंतर गाठीच्या जागी व्रण तयार होतो. उरलेला कर्करोग आणि व्रण यांतला फरक पहिले चित्र शेजारी ठेवल्याशिवाय नीट ओळखता येत नाही. ब्राझीलच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये मांडलेल्या अनुभवानंतर, रेडिएशन आणि केमोथेरपीने गाठ पूर्ण विरघळलेल्या निवडक रुग्णांना शस्त्रक्रिया न करता कसून नजरेखाली ठेवण्याचा मार्ग खुला झाला. तो आपल्या रुग्णालाही मिळावा असे वाटत असेल, तर पहिला एमआरआय चुकवून चालणार नाही.

व्यवहाराचेही बोलले पाहिजे. कापूस विकल्याशिवाय इथल्या घरात पैसा येत नाही आणि वेचणी सोडून माणूस दवाखान्यात येत नाही. उपचारखर्चाची आरोग्यश्री योजना इकडची, तेलंगणची; महात्मा फुले योजना तिकडची, महाराष्ट्राची. कोणते कार्ड कुठे चालेल ते रुग्णाला पाठवण्याआधी आपणच फोन करून विचारावे. २००८ पासून आदिलाबाद शहरात रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा बोटाची तपासणी आणि तुकड्याची तपासणी घराजवळ होऊ द्या. रुग्णासोबत फिल्मबरोबर सीडीही द्या, कारण नागपूरच्या सर्जनला मिलिमीटर मोजायचे असतात आणि फिल्मवर ते नीट मोजता येत नाहीत. गोंडी, कोलामी बोलणाऱ्या रुग्णाला यंत्रातला आवाज आणि अर्धा तास न हलण्याची गरज त्याच्या भाषेत सांगणारे माणूस सोबत ठेवा. रुग्ण हलला की सगळी मालिका फुकट जाते.

शेवटी माझ्या सर्जन आणि फिजिशियन मित्रांना एक विनंती. गुदाशयाच्या एमआरआयच्या रिपोर्टात आवरणापासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलेले नसेल, तर तो स्वीकारू नका. फोन उचला आणि आमच्याकडून ते लिहून घ्या.