नाना, आसारी धरा

संक्रांतीला आमचं येवलं गच्चीवर राहायला जातं. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस पतंग आणि हलकडीचा आवाज. माझ्या मुलीचा मुलगा, वय वर्षं आठ, आसारी धरून अंधार पडेपर्यंत आभाळातून नजर हलवत नाही. हाच मुलगा पुस्तकापुढे पाच मिनिटं टिकत नाही. डबा शाळेत विसरतो, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो, खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नाही.

शाळेतून तक्रार आली तेव्हा मी म्हणालो, "पतंगात लक्ष लागतं, अभ्यासात लागत नाही, म्हणजे ही सगळी नाटकं!" आणि त्याला मारलं. मुलांवर कविता लिहिणारा माणूस मी. मुलगी मध्ये आली. म्हणाली, "अब्बा, त्याला जमलं असतं तर त्यानं केलं नसतं का?"

मग नाशिकला डॉक्टरांकडे गेलो. घरी आणि शाळेत तो कसा वागतो, याची बारकाईनं चौकशी करून त्यांनी निदान सांगितलं: एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होणं आणि अतिचंचलता. जगभरात शंभरातल्या साधारण पाच मुलांमध्ये हे आढळतं. याचा संबंध मेंदूच्या वाढीशी आणि बराचसा आनुवंशिकतेशी आहे. लाड किंवा धाक कमी-जास्त झाल्यानं हे होत नाही. अशा मुलांना लक्ष असतं, पण ते हवं तिथे वळवता येत नाही. पतंग क्षणाक्षणाला काही नवं मागतो, म्हणून तिथे ते आपोआप टिकतं.

औषध द्यायचं की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. नुसत्या चांगल्या सवयींनी हा त्रास जात नाही. पण झोप, खेळ आणि खाणं यांची घडी विस्कटली की तो वाढतो. म्हणून या मुलांना आरोग्याच्या सवयी शिकवायच्या असतात. मला वाटलं, शिकायचं नातवाला आहे. पण पहिला धडा मलाच मिळाला.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते. आमच्याकडे कवींची बैठक रात्री अकरापर्यंत चाले. मुलगा जागा राही आणि सकाळी चिडचिड करी. आता बैठक संध्याकाळीच उरकते, नऊला दिवे बंद. त्याआधी तासभर मोबाइल बंद, माझासुद्धा. रमजानात सहेरीच्या गडबडीनं त्याची झोप मोडू नये म्हणून अंथरूण मागच्या खोलीत टाकतो.

रोज किमान तासभर धावणं, सायकल, दमवणारा खेळ हवाच. अभ्यास झाला नाही म्हणून खेळ बंद करणं ही उलटी शिक्षा. साखरेनं मुलं चंचल होतात, हा समज प्रयोगांत टिकलेला नाही. तरी बिस्किटांनी पोट भरलं की भाजी-भाकरीला जागा उरत नाही. औषधानं त्याची दुपारची भूक मंदावली, म्हणून सकाळी भरपेट नाश्ता देतो.

"लवकर आवर" या दोन शब्दांत पाच कामं दडलेली असतात. ती त्याच्या ध्यानात राहत नाहीत. आता एका वेळी एकच काम सांगतो. भिंतीवर त्यानंच काढलेली चित्रं आहेत: दात, अंघोळ, नाश्ता, दप्तर. काम झालं की लगेच शाबासकी. ती संध्याकाळपर्यंत ठेवली तर शिळी होते.

खर्चाच्या भीतीनं थांबू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि त्या यादीत हा त्रासही आहे. पथक सरकारी शाळेत आणि अंगणवाडीत येतं. शिक्षकांना आधी सांगून ठेवा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

परवा त्यानं दप्तर स्वतः भरलं. कंपासपेटी राहिली. कुणी काही बोललं नाही. त्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "बाळा, मी तुला मारायला नको होतं." तो खाली बघत क्षणभर थांबला. मग म्हणाला, "नाना, आसारी धरा ना." आणि गच्चीकडे पळाला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)