एकट्याचा डाव



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सरकारी नोकराने एखाद्या भारदस्त विषयावर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा असावी. मी मात्र खेळाविषयी, आणि तोही एकट्याने खेळावयाच्या खेळाविषयी बोलणार आहे. पन्नास वर्षे माणसे एकत्र आणण्याचे व्रत चालविणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून एकट्याची बाजू मांडणे हे थोडे धार्ष्ट्याचेच. तथापि दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या आपल्या कुटुंबांना एकटेपण काही परके नाही.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो आणि संकटाचा निकाल फाशावर लागतो. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते. खेळ घडतो तो बोलण्यातून. परंतु मंडळी जमली नाहीत तर काय करावे? हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९७६ साली रिक लूमिस यांनी ‘बफेलो कॅसल’ ही एकट्यासाठी रचलेली साहसकथा काढली. पुढे १९८२ मध्ये स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन या इंग्रज लेखकांचे ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ आले. त्यात चारशे क्रमांकित परिच्छेद आहेत. डावीकडे वळायचे तर अमुक क्रमांक, दार फोडायचे तर तमुक. दोन फासे, पेन्सिल आणि रबर एवढ्या सामग्रीवर वाचकच नायक होतो.

या पुस्तकांची मर्यादा उघड आहे. लेखकाने जी दारे ठेवली तेवढीच उघडतात. ही मर्यादा ओलांडणारी युक्ती पुढे रूढ झाली, आणि ती आपल्याला अगदी ओळखीची वाटावी अशी आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात; उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. तसेच येथे खेळणारा फाशाला प्रश्न विचारतो. “वेशीवरचा पहारेकरी जागा आहे काय?” २००६ सालच्या ‘मिथिक’ या सूत्रधाराची जागा घेणाऱ्या ग्रंथात जी गोष्ट अधिक संभवनीय, तिच्या होकाराला अधिक वाव दिलेला आहे. शॉन टॉमकिन यांच्या २०१८ सालच्या ‘आयर्नस्वॉर्न’मध्ये पूर्ण यश आणि अपयश यांच्यामध्ये तिसरा निकाल आहे: काम होते, पण किंमत मोजावी लागते. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा तिसरा निकाल सर्वांत वास्तव वाटतो!

मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब मागे ठेवून मी दोन वर्षे ईशान्येकडील एका गावी एकटा राहिलो. संध्याकाळी पाचलाच अंधारून येई. दिवसभर इंग्रजी आणि हिंदी. मराठी शब्द कानी पडे तो दूरध्वनीवरच. मुलीने या खेळाचे नियम पाठविले आणि मी वही घातली. माझा नायक एक हरकाऱ्या होता. त्याचा प्रवास रोज पानभर लिहावयाचा, असा परिपाठ ठेवला. अवघ्या आठवड्यात ध्यानात आले, की खिंड, उतार, घळ, पाणंद हे शब्द मला कित्येक वर्षांत लागलेच नव्हते. ते वहीत परत आले. परमुलखात भाषा टिकते ती केवळ गणेशोत्सवात नव्हे. ज्या भाषेत माणूस एकटा असताना कल्पना करतो, ती भाषा टिकते.

दुसरी गोष्ट सचोटीची. प्रतिपक्ष समोर नसताना फासा पुन्हा टाकण्याचा मोह होतोच. हरकाऱ्या नदीत बुडू लागला आणि फाशाने नकार दिला, तेव्हा पाहणारे कोणी नव्हते. दान बदलले असते तर हरकाऱ्या वाचला असता, पण खेळ संपला असता. मी थैली वाहून जाऊ दिली, आणि खरी कथा तेथूनच सुरू झाली.

कोणी म्हणेल, हा संगतीला पर्याय झाला. तसे नव्हे. दुसऱ्या माणसाच्या डोक्यातून निघणारा अनपेक्षित विनोद कोणताही फासा देऊ शकत नाही, आणि दार लावून घेणारे मूल केवळ खेळतच आहे की खिन्न आहे, हे आईवडिलांनी विचारलेच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की नवीन शहरात आलेल्या, अजून मित्र न जोडलेल्या मुलाच्या हाती ही वही द्यावी. “आज तुझ्या गोष्टीत काय झाले?” असे त्याला जेवताना विचारावे. तो सांगू लागला, की एकट्याच्या डावात दुसरा भिडू आला असे समजावे. आणि तो मराठीत सांगू लागला, तर मंडळाला एक सभासद मिळाला असे समजावे.