मोठ्या आवाजाचें गाणें



ज्या संगीतास इंग्रजींत ‘हेवी मेटल’, म्हणजे शब्दशः ‘जड धातु’, असें नांव आहे, त्याचे प्रत्यक्ष ऐकलेले कांहीं कार्यक्रम व त्यांवरून मनांत आलेले विचार आपणांपुढें मांडावे, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे. अंबाजोगाईस आयुष्य काढलेल्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तरानें असा विषय निवडावा, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या मुलखांत गोंधळाच्या रात्रीं दिवट्या पेटतात आणि संबळाच्या कडकडाटानें आळी जागी राहते, त्या मुलखांतील माणसास मोठा आवाज व संगीत यांचें वैर आहे असें वाटण्याचें कारण नाहीं.

या संगीताचा जन्म कारखान्याच्या दारांत झाला. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें लोखंडकामाचें शहर. तेथील टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा १९६५ सालीं पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां त्याचा उजवा हात यंत्रांत सांपडला व दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा गिटार वाजविणारा. म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. दुसऱ्या कोणी वाद्य खुंटीला टांगलें असतें. यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, आणि पुढें ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल लावल्या. सैल तार खर्जांत बोलते. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली, आणि जाणकार या संगीताची जन्मतिथि बहुधा तीच मानतात. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या आपणांस, गाणें श्रमाच्या जागेंतून उगवतें हें निराळें सांगावयास नको.

त्या ध्वनिमुद्रिकेंतील पहिल्या गीताचा सारा डोलारा मुख्यतः तीन स्वरांवर उभा आहे : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. यमनांत हाच तीव्र मध्यम पंचमाकडे नेतो व गोड लागतो. येथें तो पंचमांत विसांवत नाहीं, तसाच उघडा उभा राहतो, आणि ऐकणाराच्या अंगावर कांटा येतो.

या गिटारीचा आवाज फाटल्यासारखा कां येतो, असें पुष्कळजण विचारतात. ध्वनिवर्धकावर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला कीं, ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात व मूळ स्वराभोंवतीं अनेक उपस्वर जागे होतात. अशा वेळीं फार स्वर एकत्र छेडले तर चिखल होतो. म्हणून हे वादक बहुधा मूळ स्वर व त्याचा पंचम एवढेच एकत्र छेडतात. आपल्या तंबोऱ्याची जोडी हीच. तंबोऱ्याची जवारी सुद्धां तारेला घोडीवर घासावयास लावून उपस्वर फुलविते. साधनें निराळीं; पण एका तारेंतून अनेक स्वरांचा घुमारा काढण्याची हौस एकच.

आतां प्रत्यक्ष अनुभवाकडे वळतों. १ फेब्रुवारी २००८ रोजीं ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश बँडनें आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर केला. माझा एक जुना विद्यार्थी मला तेथें घेऊन गेला. मैदानभर काळे सदरे. पांढऱ्या सदऱ्यांतला बहुधा मी एकटाच. दिवे मालवले आणि कर्ण्यांतून आवाज आला तो चर्चिलचा! ४ जून १९४० रोजीं पार्लमेंटांत केलेल्या भाषणाचा तो अंश. ज्या मुंबईंत ८ ऑगस्ट १९४२ रोजीं गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, त्याच मुंबईंत चर्चिलच्या आवाजावर हजारों तरुण आनंदानें गर्जत होते. माझ्यांतला इतिहासाचा मास्तर क्षणभर चमकला. पण तो जयघोष चर्चिलसाठीं नव्हता; पुढें येणाऱ्या गाण्याची ती खूण होती. गाणें १९४० सालच्या ब्रिटिश वैमानिकांचें. आणि गाणारा ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, त्या दौऱ्यांत आपल्या मंडळीचें व सामानाचें बोइंग ७५७ विमान स्वतःच चालविणारा.

त्या रात्रीं मला सर्वांत अधिक भावलें तें कोलरिजच्या १७९८ सालच्या ‘प्राचीन नाविका’च्या कवितेवरील दीर्घ गीत. मुद्रिकेंत तें तेरा मिनिटांहून अधिक चालतें. निरपराध पक्षी मारणारा खलाशी, त्याचें प्रायश्चित्त, आणि आपली कथा जन्मभर सांगत फिरण्याचें त्याच्या कपाळीं आलेलें भोग, असें हें आख्यान. मध्येंच वाद्यें जवळजवळ थांबतात, जहाजाचीं लांकडें करकरल्याचा भास होतो, आणि मग लय हळूहळू पुन्हां चढूं लागते. कीर्तनकार आख्यान रंगांत आणतांना जी उसंत घेतो, तीच ही. इंग्रजी कविता म्हटली कीं जांभया देणारीं मुलें मीं आयुष्यभर पाहिलीं. येथें भोंवतालचीं मुलें तें आख्यान शब्दन् शब्द म्हणत होतीं. पोवाड्यांत झीलकरी शाहिराचा सूर उचलून धरतात, तसें सारें मैदान गायकाचा सूर उचलीत होतें. तीन गिटारी, खर्जाची एक गिटार व ढोल इतक्या वेगांत एका मात्रेनें सुद्धां न चुकतां चालतात, हें वर्षानुवर्षांच्या मेहनतीवांचून होत नाहीं.

या श्रोत्यांच्या एका खुणेनें घरोघरचे वडील घाबरतात. तर्जनी व करंगळी उभी करून हात उंचावणें, ही ती खूण. ती लोकप्रिय करणारा गायक रॉनी जेम्स डिओ सांगत असे कीं, दुष्ट नजर टाळण्यासाठीं आपली इटालियन आजी ती करीत असे. म्हणजे मीठ-मोहऱ्या ओंवाळणाऱ्या आपल्या आजीचीच ती बहीण! गर्दींत रेटारेटी फार होते, हें खरें. पण पडलेल्यास आधीं उचलावयाचें, हा दंडक तीं मुलें न सांगतां पाळतांना मीं पाहिलें आहे.

आपल्या मुलांनींही हें संगीत नुसतें उसनें घेतलेलें नाहीं. २००० सालीं मुंबईंत निघालेल्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ या बँडनें २०१७ सालीं ‘दशावतार’ नांवाची ध्वनिमुद्रिका काढली. मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंतच्या कथा तींत या खर्जांत गाइल्या आहेत. नृसिंह खांब फोडून निघतो, त्या क्षणाला हा गडगडाट शोभणार नाहीं तर कशाला शोभेल?

परंतु हें सारें व्हावयाचें कोठें, हा खरा प्रश्न आहे. मुंबईंत धोबी तलावाजवळ रंगभवन नांवाचें उघडें नाट्यगृह आहे. १९७८ सालीं सुरू झालेली जॅझ यात्रा तेथें रंगे, आणि १९८६ सालीं सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा उत्सवही कित्येक वर्षें तेथेंच भरे. पुढें ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतीं शंभर मीटरपर्यंत शांतता, आणि उघड्यावर रात्रीं दहानंतर कर्णे बंद. रंगभवनाच्या शेजारीं कॉलेजही आहे व रुग्णालयही. तेथील गाणें थांबलें. या नियमांस माझा विरोध नाहीं. आजाऱ्याची झोंप गाण्याहून मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२२ सालीं अशा कार्यक्रमांसाठीं सरासरी शंभर डेसिबलची मर्यादा सुचविली आहे. ती पाळावी, व तरुणांनीं कानांत बोळे घालण्याची लाज बाळगूं नये. माझें म्हणणें इतकेंच कीं, एक जागा बंद करतांना दुसरी देणें हेंही नगराचें कर्तव्य आहे. मिरवणुकींत रुग्णालयापुढें भिंती हादरविणारे कर्णे आपण वर्षानुवर्षें सोसतों, आणि तिकीट काढून, मैदानांत, ठरल्या वेळीं स्वतः वाजविलेलें गाणें मात्र आपणांस उपद्रव वाटतें, हा न्याय मला समजत नाहीं. मुंबई-पुण्याचें सोडा, आमच्या अंबाजोगाईंत, बीडांत, परळींत गिटार घेऊन बसणाऱ्या मुलास वस्तीबाहेरचें एक मैदान व महिन्याची एक संध्याकाळ मिळावयास काय हरकत आहे?

आपल्या घरांत असें गाणें ऐकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर ‘बंद कर तें’ असें म्हणण्यापूर्वीं एकवार शेजारीं बसून विचारावें, ‘बाळ, यांतली सम कोठें आहे?’ तो हातानें मात्रा मोजून दाखवील, आणि आपण त्याच्यासवें दहा मिनिटें ऐकावें. गाणें आवडलेंच पाहिजे असा आग्रह नाहीं. पण तीं दहा मिनिटें घरांत वांयां जाणार नाहींत, इतकें या जुन्या मास्तराचें आश्वासन घ्यावें.